शेवटच्या दोन डब्या: छर्र्यांची टंचाई आणि दुकानातली अनोळखी माणसं

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे शब्दांकन. बोलताना आलेले 'म्हणजे बघा' आणि मागून गेलेल्या टेम्पोचे हॉर्न काढून टाकलेत. बाकी बोलणं जवळपास तसंच आहे.)



मी अंबडहून बोलतोय. अंबड म्हणजे नाशिकचं, जालना जिल्ह्यातलं नाही. दर दोन-तीन भागांनी कुणीतरी विचारतंच, म्हणून आधीच सांगून टाकतो. सोमवार ते शुक्रवार मी सॉफ्टवेअर लिहितो आणि शनिवार-रविवारी दहा मीटर एअर रायफलचा सराव करतो. मोठा नेमबाज वगैरे नाही. जिल्हा पातळीवर दोनदा खेळलोय आणि दोन्ही वेळा यादीच्या खालच्या अर्ध्यात होतो.

आजचा विषय टंचाईचा. दुकानात माल थोडा आणि घेणारे जास्त, अशा वेळी अनोळखी माणसं एकमेकांशी कशी वागतात आणि त्यातून काय साधतं, हे मला सांगायचंय. त्यासाठी एक प्रसंग सांगतो. त्यात मी काही फार चांगला वागलेलो नाही, तेही सांगतो.

चार डब्या, तीन माणसं

२०२१ चा ऑक्टोबर. जुन्या नाशकातल्या एका दुकानात बऱ्याच महिन्यांनी मॅचचे छर्रे आले होते. मॅचचे म्हणजे स्पर्धेत वापरायच्या दर्जाचे. डब्या आल्या होत्या फक्त चार. मला फोनवर कळलं आणि शनिवारी शटर वर जायच्या आधीच मी तिथे हजर होतो.

मी दोन डब्या घेतल्या. माझ्यामागे सत्तरीच्या आसपासचे एक काका होते, त्यांनी उरलेल्या दोन घेतल्या. पैसे देऊन आम्ही निघतोय तोच एक गृहस्थ धावत आले. अंगात कंपनीचा गणवेश, डोळे लाल. रात्रपाळी संपवून थेट आले होते. दुकानदाराने मान हलवली तसे ते म्हणाले, "एक तरी बघा ना भाऊ. पोरीची निवड स्पर्धा आहे पुढच्या रविवारी, पुण्याला."

माझ्या पिशवीत दोन डब्या होत्या. घरी कपाटात आणखी तीन होत्या, न उघडलेल्या. माझी स्पर्धा जवळपास कुठेच नव्हती. मी काहीच बोललो नाही.

काकांनी मात्र हातातली पिशवी काउंटरवर ठेवली आणि विचारलं, "तिला लॉट कोणता चालतो?"

हा प्रश्न किती नेमका होता, हे कळायला आधी छर्रा म्हणजे काय ते समजून घेऊ.

अर्ध्या ग्रॅमची गोष्ट

एअर रायफलचा छर्रा शिशाचा असतो. व्यास ४.५ मिलिमीटर, वजन साधारण अर्धा ग्रॅम. पुढून सपाट, मधे कंबर बारीक, मागे घेरदार झगा. पुढून सपाट असतो कारण कागदाच्या टार्गेटवर त्याने स्वच्छ गोल भोक पाडलं पाहिजे. एका डबीत बहुधा ५०० येतात.

आता टार्गेट बघा. दहा मीटरवर लावलेल्या त्या वर्तुळांमध्ये 'दहा'चा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पेन्सिलीचं टोक टेकवल्यावर उमटतो, तेवढा. पात्रता फेरीत असे ६० नेम मारायचे. एका नेमाला जास्तीत जास्त १०.९ गुण, म्हणजे एकूण ६५४. इथे निकाल दशांशांवर लागतो.

म्हणूनच लॉट महत्त्वाचा. छर्रे डायमध्ये दाबून तयार करतात. अंबड एमआयडीसीत ज्यांचा डायशी रोजचा संबंध आहे, त्यांना मी काय सांगणार? डाय झिजतो. एक डाय दुसऱ्यासारखा तंतोतंत नसतो. फरक मायक्रॉनचा असतो, पण रायफलच्या नळीलाही स्वतःचा स्वभाव असतो. एकाच कंपनीचे, एकाच नावाचे छर्रे. एक लॉट नळीला मानवतो, दुसरा मानवत नाही. मग नेमबाज काय करतात? रायफल शिकंज्यात घट्ट आवळतात, एकेका लॉटचे दहा-दहा छर्रे मारतात आणि सगळ्या भोकांचा मिळून पुंजका किती मोठा झाला ते मोजतात. लॉट चांगला निघाला तर पुंजका छर्र्याच्या स्वतःच्या आकाराहून जेमतेम मोठा होतो. नाही निघाला तर पसरतो. आवडलेल्या लॉटचा नंबर डबीवरून उतरवून ठेवायचा आणि मिळेल तोवर तोच घ्यायचा.

थोडक्यात, "एक डबी द्या" आणि "या लॉटची एक डबी द्या" या दोन वेगळ्या मागण्या आहेत. सरावाला पहिली चालते. स्पर्धेला दुसरी लागते.

माल गेला कुठे?

मॅचचे छर्रे आपल्याकडे मुख्यतः बाहेरून येतात, जर्मनीतून किंवा चीनमधून. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, रेंज बंद झाल्या, मागणी थांबली. मागणी नाही म्हटल्यावर आयात करणारेही हात आखडणारच. पुढे २०२१ मध्ये जगभर कंटेनरचा तुटवडा झाला आणि जहाजाचं भाडं भलतंच वाढलं. त्यात रेंज उघडल्या, स्पर्धा जाहीर झाल्या आणि सगळ्यांना एकदमच छर्रे हवे झाले.

पण ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी आम्ही ग्राहकांनी तयार केली.

हिशोब करून बघा. समजा एका गावात २० नेमबाज आहेत. प्रत्येकाला महिन्याला एक डबी लागते आणि दुकानात महिन्याला २० डब्या येतात. कुणाचंच अडत नाही. मग एक अफवा उठते, 'पुढच्या महिन्यात माल येणार नाही.' पहिला माणूस तीन डब्या उचलतो. दुसराही तीन. सातव्या माणसापर्यंत फळी रिकामी होते. आता १३ जण कोरडे राहिले आणि ते गावभर सांगतात, 'खरंच माल नाही!' अफवा खरी ठरली. डब्या तितक्याच आहेत, फक्त फळीवरून कपाटांत गेल्या.

माझ्या कामात हे नेहमी दिसतं. डेटाबेसकडे मोजकी कनेक्शनं असतात, समजा १००. एखादा प्रोग्राम 'पुढे लागतील' म्हणून ३० कनेक्शनं धरून बसतो आणि वापरतो दोनच. बाकीचे प्रोग्राम ताटकळतात. मग तेही शिकतात आणि मिळालं की सोडत नाहीत. शेवटी सगळी वेबसाइट आडवी होते. डेटाबेस उघडून बघावं तर तो निवांत बसलेला. रात्री दोन वाजता उठून असल्या गोष्टी मी दुरुस्त केल्यात. आणि माझ्याच कपाटात तीन डब्या धरून बसलो होतो!

अमेरिकेत हे फार मोठ्या प्रमाणावर झालं. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत गोळीबार झाला. आता कायदे कडक होणार या धास्तीने लोकांनी पॉइंट टू-टूची काडतुसं खोक्याखोक्यांनी उचलली. ही तिथली सगळ्यात साधी, स्वस्त गोळी. पोरं नेमबाजी शिकतात ती हीच. कारखाने बंद पडले नव्हते, तरी फळ्या महिनोन्महिने रिकाम्या. दुकानदारांनी माणशी एक-दोन खोक्यांची मर्यादा घातली, तर लोक सकाळी दुकान उघडायच्या आधीच रांगेत. २०२० मध्ये पुन्हा तेच.

इथे एक सांगायलाच हवं. छर्रे म्हणजे जीवनावश्यक वस्तू नव्हे. २०२१ च्या एप्रिलमध्ये याच शहरात लोक रेमडेसिव्हिरसाठी रात्र-रात्र फिरत होते. २१ एप्रिलला झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून जास्त रुग्ण गेले. त्या दिवसांशी मी छर्र्यांची तुलना करत नाही. पण त्या दिवसांनी आमच्यात एक सवय पेरली होती, असं मला वाटतं. दिसेल ते उचलून ठेवायचं. आणि काही लोकांत त्याच दिवसांनी बरोबर उलटी सवय पेरली. काका त्यातले असावेत.

काउंटरवरचा हिशोब

त्या गृहस्थांनी खिशातून एका रिकाम्या डबीचं झाकण काढलं. त्यावर लॉटचा स्टिकर होता. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून दोन्ही नंबर ताडून बघितले. जुळले नाहीत.

"तिच्याकडे या लॉटचे किती उरलेत?"

"सव्वाशे असतील."

"मग ते आता वापरू देऊ नका. साठ मॅचचे, पंधरा-वीस आधी अंदाज घ्यायला. ऐंशी धरा. पुण्यासाठी तेवढे बाजूला काढा. आठवडाभर सराव या माझ्या डबीवर करू द्या. गुणांकडे बघायचं नाही म्हणावं, फक्त ट्रिगर आणि श्वास."

दोन्ही डब्या त्यांनी त्या गृहस्थांपुढे सरकवल्या. ते म्हणाले, "काका, एक पुरे. एक तुम्हाला राहू द्या." मग एकच घेतली. पैसे वरचढ द्यायला लागले, तर काका म्हणाले, "बिलावर आहे तेवढेच. मी काय दुकान काढलंय का?"

बघा, इथे नुसता मनाचा मोठेपणा नव्हता. काकांनी तीन गोष्टी विचारल्या: काय चालतं, किती उरलंय, कधी लागणार. पुरवठ्याचं काम करणारा कुठलाही चांगला माणूस हेच विचारतो. तिथल्या तिथे सगळा माल देऊन टाकला असता, तरी त्या मुलीचा प्रश्न सुटला नसता. शिल्लक सव्वाशे छर्रे तिने सरावात संपवले असते आणि स्पर्धेला परका लॉट घेऊन गेली असती. डबी उपयोगी पडलीच, पण हिशोब जास्त उपयोगी पडला.

छर्रा देता येतो, काडतूस नाही

निघताना काका सहज म्हणाले, "हे काडतूस असतं, तर मला देता आलं नसतं हां."

ही गोष्ट नव्या मंडळींना माहीत नसते, म्हणून नीट सांगतो. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम आहेत. ज्या एअर रायफलची नळी पॉइंट वन सेव्हन सेव्हनची, म्हणजे साडेचार मिलिमीटरची आहे आणि ताकद २० जूलपर्यंत आहे, तिला परवाना लागत नाही. स्पर्धेची रायफल साधारण आठ जूलच्या आसपास असते. त्यामुळे छर्र्यांची डबी एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ शकते.

पॉइंट टू-टू आली की सगळं बदलतं. ती दारूची गोळी. ती बाळगायला परवाना हवा, किती घ्यायच्या याला मर्यादा, आणि दुकानात प्रत्येक खरेदीची नोंद. 'माझ्याकडे जास्त आहेत, पन्नास घेऊन जा' हे प्रेमापोटी केलं तरी गुन्हा ठरू शकतं. तिथे चांगुलपणाचं रूप वेगळं असतं. माल आल्याची बातमी स्वतःपुरती न ठेवता सगळ्यांना सांगायची. आपल्या मर्यादेत बसत असलं तरी गरजेपुरतंच घ्यायचं, म्हणजे मागच्या माणसाला त्याच्या परवान्यावर घेता येईल. आणि लॉट तपासले असतील तर त्याचे आकडे इतरांना द्यायचे. माहितीला परवाना लागत नाही.

यात किती काय पणाला लागलेलं असतं, याचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं. मूळचा कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, पण नेमबाजीचे सुरुवातीचे धडे इथे नाशिकमध्ये गिरवले. पदकानंतर त्याच्या शिक्षक वडिलांनी सांगितलं की एकेका गोळीला १२० रुपये पडायचे, गोळ्यांसाठी कर्ज काढलं आणि पोरगा प्रत्येक गोळी जपून वापरायचा. दहा मीटरला नेम चुकला तर छर्रा जातो. पन्नास मीटरला नेम चुकला की घरातले पैसे जातात. असा खेळ खेळणारं मूल दुकानातून रिकाम्या हाताने परत जातं, तेव्हा त्याचा सराव तुटतो आणि वडिलांचं गणितही कोलमडतं.

आणखी एक गंमत सांगतो. देशातल्या नेमबाजीची राष्ट्रीय संघटना १९५१ मध्ये उभी राहिली, ती दादासाहेब मावळणकरांच्या पुढाकाराने, म्हणजे लोकसभेच्या पहिल्या सभापतींच्या. सभागृहात प्रत्येकाला बोलायची पाळी मिळेल हे बघणं त्यांचं काम. दुकानातल्या रांगेलाही थोडं तसंच कुणीतरी लागतं.

माझं कपाट

आता माझा भाग. घरी येऊन मी डब्या कपाटात ठेवल्या. एकूण पाच झाल्या. २,५०० छर्रे. शनिवार-रविवार मिळून मी दीडशे मारतो, म्हणजे चार महिने पुरतील इतके. कपाट लावताना सहज जुन्या तीन डब्या उलट्या करून बघितल्या. काउंटरवर त्या झाकणावरचा नंबर मीही वाचला होता. आकड्यांशी रोज काम, ते डोक्यात राहतात. तिन्हीपैकी एका डबीवर तोच नंबर होता.

खोटं कशाला बोलू? पहिला विचार आला की कुणाला कळणार आहे? दुसरा विचार आला की काका मला नावानेही ओळखत नाहीत, तरी माझ्यासमोर त्यांनी ते केलं आणि मी पिशवीची गाठ घट्ट करत उभा राहिलो.

दुकानदाराला फोन लावला. त्याने त्या गृहस्थांचा नंबर मला दिला नाही, आणि बरोबरच केलं. स्वतः त्यांना फोन करून माझा नंबर दिला. संध्याकाळी पाळीवर जाता जाता ते गरवारे पॉइंटला भेटले. मी डबी दिली. त्यांनी आधी नंबर वाचला, मग पुन्हा वाचला, मग म्हणाले, "दादा, हाच हो!" सकाळी मी तिथेच उभा होतो हे त्यांना आठवत होतं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. पैसे मात्र मोजून दिले. मी नको म्हटलं तर म्हणाले, "असं नका करू. फुकट घेतलं तर पुढच्या वेळी मागायला लाज वाटेल."

हे वाक्य मी अजून जपून ठेवलंय. टंचाईत किंमत तीच ठेवणं किती महत्त्वाचं, हे मला तिथे कळलं. वाढवली तर ती संधीसाधूगिरी होते. शून्य केली तर घेणारा मिंधा होतो. छापील किमतीत दोघंही ताठ मानेने परत येऊ शकतात.

मग पुढे काय झालं?

पुण्याच्या स्पर्धेत ती मुलगी पात्रतेला दीड गुणाने कमी पडली. मला वाईट वाटलं. तिच्या वडिलांचाच फोन आला होता. म्हणाले, "शेवटच्या दहात घाई केली तिने. पण छर्र्यामुळे राहिली असं आता म्हणता येत नाही, हेच बरं झालं. काय सुधारायचं ते तिला कळलंय."

मला वाटतं, अनोळखी माणूस दुसऱ्याला एवढंच देऊ शकतो. जिंकून देता येत नाही. पण दुकानात माल नव्हता म्हणून हरण्याची वेळ टाळता येते. मग हार असो की जीत, ती तिची स्वतःची.

त्यानंतर आमच्या रेंजवर आम्ही एक साधी वही ठेवलीय. कुणाकडे कोणत्या लॉटच्या किती डब्या आहेत आणि कुणाची स्पर्धा कधी आहे, हे त्यात लिहायचं. स्पर्धा ज्याची जवळ, त्याला आधी. द्यायची ती बिलाच्या किमतीत. माल आला की जवळ आधीच किती आहेत ते दुकानदाराला खरं सांगायचं. नियम एवढेच. वही लिहायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की टंचाई-टंचाई म्हणत आम्ही अकरा जणांनी मिळून ३४ डब्या घरात दडवल्या होत्या. त्यातल्या चार माझ्या.

काका पुन्हा दुकानात भेटले नाहीत. भेटले तर त्यांना वही दाखवायचीय.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या कपाटात असं काय पडलंय जे दुसऱ्या कुणाला या आठवड्यात लागणार आहे, ते एकदा बघा. पुढच्या भागात रायफलची नळी साफ कशी करायची आणि मुख्य म्हणजे किती वेळा करायची नाही, यावर बोलू. तोवर काळजी घ्या. भेटूच.